न बोलणाऱ्याचे गहू

आमच्या टेबलावर बसणाऱ्या पाचांपैकी एकालाही तलवार चालवता येत नाही. एकाला तर आंबाही धड कापता येत नाही. तरी शनिवारी रात्री कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर आम्ही राक्षस मारतो आणि त्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. ‘मी कुऱ्हाड मारतो’ एवढं म्हणायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, कागदावरच्या ताकदीच्या आकड्याप्रमाणे बेरीज करायची. राक्षस पडला तर पडला. ‘आधी हा गॅसचा सिलिंडर उचलून दाखव, मग कुऱ्हाडीचं बघू’ असं डंजन मास्टर (म्हणजे खेळ चालवणारा, थोडक्यात डीएम) म्हणत नाही. जादूगाराला कुणी ‘मंत्र म्हण, आम्ही पेटतो का बघू’ असं सांगत नाही. चोराचं पात्र घेतलेल्या गृहस्थांना फ्लॅटचं लॅच हेअरपिनने उघडायला लावत नाहीत. (किल्ली आत राहिली तेव्हा त्यांनी ते आपणहून करून पाहिलं होतं. शेवटी किल्लीवाला आला.)

पण वेशीवर पहारेकरी उभा असतो आणि त्याच्याशी बोलून आत शिरायचं असतं, तेव्हा टेबलावरचा कायदाच बदलतो. डीएम खुर्ची पुढे ओढतो, आवाज घोगरा करतो, ‘कोण रे तुम्ही? कुठून आलात?’ असं दरडावतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतो. आता बोला. फासा बाजूला, आकडा बाजूला. हात न लावता राक्षस मारणाऱ्या माणसाला इथे मात्र खरोखरची जीभ हलवावी लागते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना एवढंच सांगतो की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पट नसला तरी चालतं आणि जिंकणं-हरणं असं काही नसतं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या कागदावर सहा गुणांचे आकडे लिहायचे आणि डीएम जी गोष्ट सांगेल तिच्यात त्या पात्राने काय केलं ते बोलायचं. जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासे. सहा गुणांपैकी पाच ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई असे सरळ आहेत. सहावा करिश्मा. सगळी भांडणं या सहाव्याची.

गंमत म्हणजे या घराण्याचा मूळ पुरुष जो खेळ, त्यात बोलण्याला आकडाच नव्हता. 1969 साली अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनीआपोलिस-सेंट पॉल या जोडशहरात डेव्हिड वेझली नावाच्या माणसाने ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक प्रशियन गाव. लढाईच्या खेळाला जमलेल्या मित्रांना त्याने सैन्याऐवजी एकेक माणूस दिला: एक नगराध्यक्ष, एक विद्यार्थ्यांचा पुढारी, वगैरे. मंडळी लढायचं सोडून कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागली, एकमेकांना शेंड्या लावायला लागली. वेझलीला वाटलं, खेळ फसला. मित्रांनी विचारलं, पुन्हा कधी?

या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता. त्याच धर्तीच्या पुढच्या एका खेळात तो खोटं सीआयएचं ओळखपत्र तयार करूनच आला आणि आपण गुप्तहेर आहोत असं सांगून त्याने सगळ्यांना गुंडाळलं, अशी हकीकत या छंदात फार आवडीने सांगितली जाते. फासा नाही, गुण नाहीत. तोंड आणि कागदाचा एक तुकडा. आता याच आर्नेसनने गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला आणि त्यात करिश्म्याला आकडा आला. माझा संशय गायगॅक्सवर आहे. त्याने आधी विमा कंपनीत जोखीम मोजण्याची नोकरी केलेली होती. अशा माणसाला कुठलीही गोष्ट आकड्याविना मोकळी फिरताना बघवत नाही.

पण त्या पहिल्या पुस्तिकेत करिश्मा कशासाठी होता, हे आज भांडणाऱ्यांपैकी फार थोडे बघतात. तीन फासे टाकायचे, 3 ते 18 मध्ये आकडा येणार. त्यावरून ठरायचं ते हे, की तुमच्याबरोबर किती सोबती टिकतील. 3 आले तर एक. 18 आले तर बारा. शिवाय त्यांची निष्ठा किती, तेही यावरूनच. (आणखी एक उपयोग दिला आहे: चेटकिणीने तुम्हाला पकडलं तर ती डुक्कर करील की प्रियकर म्हणून ठेवून घेईल, तेही या आकड्यावरून ठरवावं. गायगॅक्सचा विमा इथेही उतरवलेला दिसतो.) राक्षस भेटला तर तो पहिल्या नजरेत कसा वागेल यासाठी दोन फाशांचा निराळा तक्ता होता. भाषणबाजी कशी मोजायची, याबद्दल मात्र ती पुस्तिका गप्प आहे. गुहा कोसळायला लागल्यावर मागे कोण थांबेल, हे ती मोजत होती.

आता आमच्या टेबलावर या.

आमच्यात एक वकील आहेत. दिवसभर कोर्टात बोलून त्यांचं समाधान होत नाही, म्हणून शनिवारी ते आमच्याकडे येतात. त्यांचं पात्र बार्बेरियन: रानटी योद्धा, लांडग्यांनी वाढवलेला, अक्षरशत्रू. पात्र तयार करताना 15, 14, 13, 12, 10 आणि 8 हे सहा आकडे सहा गुणांत वाटायचे असतात. वकीलसाहेबांनी पंधरा ताकदीला दिले, चौदा काटकपणाला दिले आणि आठ, कुणाच्याही डोळ्यांत न येईल अशा बेताने, करिश्म्यावर सोडून दिले. खेळाडूंच्या भाषेत याला डंप स्टॅट म्हणतात. कागदाप्रमाणे हा गडी तोंड उघडेल तर गावची कुत्री मागे लागावीत. प्रत्यक्षात काय होतं? वेशीवर हा लांडग्यांचा मानसपुत्र पहारेकऱ्याला नैसर्गिक न्यायाची तत्त्वं समजावून सांगतो, दोन दाखले देतो, तिसरा राखून ठेवतो आणि शेवटी ‘सबब’ म्हणून थांबतो. डीएमला हसू आवरत नाही. दार उघडतं. त्या आठाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणजे करिश्म्याचे पैसे साहेबांनी कुऱ्हाडीवर खर्च केले आणि करिश्मा घरून डब्यात आणला.

त्यांच्या शेजारी एक मुलगा बसतो. हिंजवडीत बॅकएंडला आहे. दिवसभर सर्व्हरशी बोलतो आणि तोही फार बोलत नसावा. त्याने हौसेने बार्ड घेतला आहे: गाणारा, गोष्टी सांगणारा, दरबार जिंकणारा. करिश्मा 17. पंधराचा आकडा इथेच देऊन आणि नंतर मिळालेली वाढही इथेच घालून त्याने हा आकडा जमवला आहे. याने नुसतं हसून बघितलं तरी सरदाराने पगडी उतरवून हातात द्यावी. वेशीवर त्याची पाळी येते.

‘आम्हांला... म्हणजे... आत जायचं होतं.’

‘काय काम?’ डीएम, घोगऱ्या आवाजात.

‘काम आहे थोडं.’ चष्मा वर. ‘रोल करू का?’

‘अरे, रोल काय करतोस, बोल ना!’ वकीलसाहेब. ‘मजा त्यातच आहे!’

मजा त्यातच आहे असं म्हणणाऱ्यांची मी मनातल्या मनात नोंद ठेवली आहे. ते झाडून सगळे बोलके निघाले. सेशन संपल्यावर चहाबरोबर या नियमाची चर्चा होते, तीही बघण्यासारखी असते. आकड्यांनी बोलण्याचा जीव जातो, खेळ म्हणजे काय हिशेबाची वही आहे का, अभिनय हाच आत्मा, असे मुद्दे एकाहून एक येतात. आणि दुसऱ्या बाजूचा एकमेव प्रतिनिधी समोरचं फरसाण संपवत असतो. ठराव बहुमताने मंजूर. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं आपल्याकडे म्हणतात. या वादात तर बाजारभाव ठरवणारी समितीसुद्धा मातीवाल्यांचीच आहे.

बरं, आकड्यांच्या भक्तांनी काही कमी गोंधळ घातलेला नाही. 2000 साली खेळाची तिसरी आवृत्ती आली, 2003 साली तिची डागडुजी झाली. तिच्यात डिप्लोमसी, ब्लफ, इंटिमिडेट अशी कौशल्यं होती आणि डिप्लोमसीचा एक तक्ता होता. समोरचा तुमच्या जिवावर उठलेला आहे? फाशाची बेरीज 35 आली की तो मित्र. 50 आली की तो तुमच्यासाठी जीव धोक्यात घालायला तयार. वेळ किती लागेल? एक मिनिट. घाई असेल तर बेरजेतून दहा वजा करा आणि सहा सेकंदांत उरका. लोकांनी लगेच सगळी शिदोरी त्या एका कौशल्यावर ओतून अशी पात्रं बनवली की ती नुसती दारातून आत आली तरी सिंहासनावरचा खलनायक उठून खुर्ची पुसून द्यायचा. खलनायकाचं सैन्य रंगवण्यात डीएमचा आठवडा गेलेला असायचा.

हा तक्ता वाचला की मला हस्तिनापूरचा दरबार आठवतो. शिष्टाईला गेलेल्याच्या करिश्म्याबद्दल शंका घ्यायची कुणाची छाती नाही. मागणी किती खाली आणली? पाच गावं. उत्तर काय आलं? सुईच्या अग्रावर राहील एवढी मातीही नाही. उलट बोलणी करायला आलेल्यालाच बांधून ठेवायचा बेत. मग विश्वरूप दाखवलं गेलं. इंटिमिडेटची याहून मोठी बेरीज कुठल्याही टेबलावर लागणार नाही. तरी युद्ध झालंच. 2003 च्या पुस्तकाप्रमाणे खेळले असते तर उद्योगपर्व सहा सेकंदांत आटोपलं असतं आणि पुढची पर्वं व्यासांना लिहावी लागली नसती. दुर्योधनाचं म्हणणं फाशाच्या पलीकडचं होतं, आणि तक्त्यात ‘काही झालं तरी नाही’ असा रकानाच नव्हता.

दुसऱ्या खेळांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. 1977 च्या ‘ट्रॅव्हलर’ने मला वाटतं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर दिलं. त्यात करिश्मा नाहीच. ‘सोशल स्टँडिंग’ आहे. दोन फासे टाका, म्हणजे तुमचा जन्म कुठल्या घरात झाला ते कळेल. 11 किंवा जास्त पडले तर नावामागे वंशपरंपरागत किताब लावायची मुभा. गोड बोला नाहीतर तिखट, दार उघडतं ते त्या आकड्याला. आपल्याकडे हे काम आडनावावर होतं, फासे लागत नाहीत. (याच खेळात पात्र तयार करता करताच मरू शकतं, खेळ सुरू व्हायच्या आधी. त्याबद्दलही काही बोलता येईल, पण विनोदी लेखात नको.) 1981 च्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’त थाप मारण्याचं कौशल्य शेकड्याच्या हिशेबात मांडलं आहे आणि ‘क्रेडिट रेटिंग’ निराळं, म्हणजे शब्द संपले की बँकेचं खातं बोलतं. 1991 च्या ‘व्हँपायर’मध्ये रक्तपिपासूंना मोहकपणा, कारस्थान आणि रूप असे तीन तीन सामाजिक आकडे; माणसांत वावरायची गरज त्यांनाच जास्त. आणि ल्यूक क्रेनच्या ‘बर्निंग व्हील’मध्ये तर वाद घालण्याचं रीतसर द्वंद्वयुद्ध आहे: दोघांनी आपले पुढचे तीन डाव गुपचूप लिहायचे, एकेक करून उघडायचे आणि वादात जिंकणाऱ्याचंही नुकसान झालं असेल तर त्याने हरणाऱ्याला काहीतरी द्यायचं. हा नियम आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत घालावा अशी माझी जुनी सूचना आहे. अनुमोदक मिळत नाही.

जुन्या वळणाच्या खेळाडूंचा पक्ष इथे नीट ऐकून घ्यायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. 2008 साली मॅट फिंचने जुन्या पद्धतीने खेळण्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली, ती या पक्षाची पोथी. म्हणणं असं की परीक्षा खेळाडूची, कागदाची नव्हे. सापळा शोधायचा आहे? फासा ठेव खाली. फरशीवर पाणी ओतून बघ, काठीने ठोकून बघ, काय करतोस ते सांग. तसंच बोलण्याचं. आणि खरंच, ज्या टेबलावर नुसतं ‘परस्वेजन रोल करतो, बावीस’, ‘बरं, तो ऐकतो’ एवढंच चालतं तिथे बसून बघा. बँकेत पासबुक भरायच्या रांगेत जास्त नाट्य असतं. कुणी काय मागितलं, कशाच्या बदल्यात मागितलं, राजा कशाला भुलला, काहीच कळत नाही. फक्त बावीस कळतात.

पण या पक्षाच्या युक्तिवादाला एक भोक आहे. फरशीवर पाणी ओतायची कल्पना मुखदुर्बळालाही सुचू शकते, आणि त्याने ती अडखळत सांगितली तरी पाणी तितकंच वाहतं. बोलण्याच्या प्रसंगात मात्र कल्पना आणि ती सांगायची ढब यांची गल्लत होते. त्या मुलाने ‘काम आहे थोडं’ म्हटलं तेव्हा त्याचा बार्डही तसंच पुटपुटला, असं आम्ही सगळे धरून चाललो. वकीलसाहेबांची कुऱ्हाड फिरते तेव्हा मात्र त्यांची स्पाँडिलायटिसची मान आम्ही हिशेबात धरत नाही.

शिवाय पटवायचं असतं कुणाला? पहारेकरी तर मुळात नाहीच. असतो तो डीएम, रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आठवडाभराच्या प्रॅक्टिकल्सनी दमलेला. तो हसला की पहारेकरी विरघळतो. त्याला भूक लागली की सरदार चिडचिड करतो. गरम सामोसे आल्यावर एका ड्रॅगनने आम्हांला तहाच्या अटी देऊ केल्या होत्या, आणि सामोसे आणायचं कौशल्य कुठल्याच आवृत्तीच्या कागदावर नाही. आकडा नको म्हणणारे अभिनयाच्या बाजूचे आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ते डीएमच्या मूडच्या बाजूचे असतात. आकडा निदान सगळ्यांना दिसतो तरी.

आणि बोलणं म्हणजेच माणसं जोडणं, असं जे आपण धरून चालतो, त्याचा निकाल आमच्या इमारतीच्या फाटकावर लागलेला आहे. सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्या आत लावायला बंदी आहे, तशी पाटी आहे आणि पाटीखाली वॉचमनकाका आहेत. वकीलसाहेब शनिवारी गाडीची काच खाली करून काकांशी युक्तिवाद करतात. उपविधी, प्रघात, अपवाद, सारं सांगून होतं. काका शेवटपर्यंत आदराने ऐकतात आणि म्हणतात, ‘बरोबर आहे साहेब. गाडी बाहेर.’ त्याच वेळी बॅकएंडवाल्याची स्कूटर आत, शेडखाली, जनरेटरशेजारी उभी असते. तो काकांशी काय बोलतो? मी कान देऊन ऐकलं आहे. ‘काका.’ ‘या.’ बस. मागे काकांच्या पीएफचे पैसे अडकले होते. याने पायरीवर बसून त्यांच्या मोबाइलवर केवायसी पुरी करून दिली. 1974 च्या पुस्तिकेप्रमाणे मोजायचं तर गुहा कोसळताना काका त्याच्याबरोबर थांबतील. साहेबांच्या बाबतीत पाटीकडे बोट दाखवतील.

तेव्हा माझा कौल आकड्याच्या बाजूने आहे, पण नुसत्या आकड्याच्या नाही. 2014 ला निघालेल्या पाचव्या आवृत्तीच्या डीएमच्या पुस्तकात यावर बरीचशी शहाणी सोय आहे. समोरचा मित्र, तटस्थ की वैरी ते आधी ठरवायचं, बोलणं होऊ द्यायचं, त्याचं दुखतं कुठे, त्याला प्यारं काय, ते बोलण्यातून हुडकायचं, मग फासा. आणि वैऱ्याने बेरीज 20 झाली म्हणून राज्य द्यायचं नाही; त्याला काही झळ लागणार नसेल तेवढंच तो करील. दुर्योधनाला यात जागा आहे. आम्ही यात आमची एक ओळ घातली. बोलणाऱ्याने काय हवं, बदल्यात काय देणार आणि समोरच्याने का ऐकावं, एवढं सांगायचं. मग ते छातीवर हात ठेवून सांगा किंवा ‘माझा बार्ड त्याला असं असं म्हणतो’ असं तिऱ्हाइतासारखं सांगा. दोन्हीला भाव एकच. सांगितलेलं कारण चांगलं असेल तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. वक्तृत्वाला टाळ्या मिळतील, अधिकचा फासा मिळणार नाही.

पहिल्याच शनिवारी प्रयोग झाला. वकीलसाहेबांनी वेशीवर आजवरचं त्यांचं सर्वोत्तम भाषण केलं. फाशावर 4 पडले, आठाच्या करिश्म्याचा एक वजा, बेरीज 3. डीएम म्हणाला, भाषण अप्रतिम होतं. एवढं शुद्ध बोलणारा रानटी म्हणजे शेजारच्या राज्याचा हेर, अशी पहारेकऱ्याची खात्री पटली. बार्बेरियन कोठडीत. साहेबांनी अपील करण्याची परवानगी मागितली. मग तो मुलगा, चष्मा वर करून: ‘माझा बार्ड त्याला विचारतो, रात्रपाळी किती वाजेपर्यंत आहे. आणि थर्मासमधलं, म्हणजे भांड्यातलं, गरम सूप देतो. म्हणतो, तो आत टाकलेला आमचाच आहे, डोक्याने जरा असा आहे, सकाळी घेऊन जातो.’ दोन फासे, मोठा 11, त्यात पाच मिळवून 16. हवे होते 15. डीएम न हसता म्हणाला, ‘चावी घे.’

ज्यांचं पोट बोलण्यावर आहे अशा सगळ्यांना, म्हणजे वकील, विक्रेते, प्राध्यापक, विमा एजंट आणि निवेदक यांना, एक विनंती आहे. पुढचं पात्र कराल तेव्हा आठाचा आकडा करिश्म्यावर सोडून देऊ नका. निदान तेरा लिहा. तेवढंही जिवावर येत असेल तर वेशीशी पोचल्यावर शेजारी बसलेल्याला आधी बोलू द्या, आणि तो वाक्य जुळवत असताना मध्ये बोलू नका.